तुकडा, पेशी आणि मोजदाद
(धाराशिव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



२ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या साप्ताहिकात एक निबंध छापून आला. त्यात आपला जिल्हा होता, अर्थात उस्मानाबाद या तेव्हाच्या नावाने. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, आणि कुठल्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले. काम केले बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, मुंबईच्या टाटा मेमोरियलने आणि फ्रान्समधल्या लिऑं इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते असे मला सांगण्यात आले आहे. तेव्हा आकडे जरा जास्त आले तरी इथे कुणी कंटाळणार नाही, असे मी धरून चालतो.

प्रश्न होता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. आपल्याकडे बायका ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात तो. तो लवकर पकडायला तीन तपासण्या होत्या. एक, तोंडाशी व्हिनेगरसारखे सौम्य ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, म्हणजे व्हीआयए. दुसरी, पेशी खरवडून काचपट्टीवर पाहणे, म्हणजे पॅप. तिसरी, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी. गावांचे ते ५२ गट चार मोठ्या गटांत वाटले. तीन मोठ्या गटांना एकेक तपासणी, तीही आयुष्यात एकदाच. चौथ्या गटाला नेहमीची सोय होती तीच. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात बायका नोंदवल्या गेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे कोण आजारी पडली, कोण गेली याची नोंद ठेवली गेली.

आठ वर्षांचा हिशेब असा निघाला. नेहमीच्या सोयीच्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यातल्या ६४ या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, म्हणजे संख्या जास्त, आणि गेल्या ३४. दुसऱ्या टप्प्याचे किंवा त्यापुढचे कर्करोग नेहमीच्या सोयीच्या गटात ८२, एचपीव्हीच्या गटात ३९. पॅपच्या गटात ५४ मृत्यू, व्हीआयएच्या गटात ५६. हे दोन आकडे ६४ पेक्षा कमी दिसतात खरे, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही.

पॅप तपासणी काही कुचकामी नाही. पाश्चात्त्य देशांत तिने हा कर्करोग मागे रेटला आहे. पण तिथे ती दर काही वर्षांनी होते आणि त्यामागे प्रयोगशाळांची मोठी फळी असते. व्हीआयएचेही तसेच. मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे चाचणी काचेखाली काय दाखवते हा एक प्रश्न, आणि ती केल्यामुळे माणूस जगतो का हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर गावोगाव जाऊन, मोजून, वाट पाहूनच मिळते. या अभ्यासावर टीकाही झाली. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप परदेशातल्या काही डॉक्टरांनी घेतला. त्या काळी जिल्ह्यात अशी तपासणी नेहमीच्या सोयीत नव्हतीच, हे त्यावरचे उत्तर. मला हे उत्तर अर्धे पटते, अर्धे नाही. पण त्या ६४ जणींचा आकडा नसता तर ३४ ला काही अर्थ उरला नसता, हेही तितकेच खरे.

आजचा माझा विषय तपासणीच्या पुढचा आहे. कर्करोग झालेलाच आहे, तुकडा काढला आहे, रिपोर्ट आला आहे. आता औषध कोणते? आणि ते या बाईच्या गाठीतल्या पेशींवर चालेल की नाही, हे तिच्या शिरेत सुई टोचण्याआधी कळेल का?

हा प्रश्न चैनीचा नाही. टाटा मेमोरियलचाच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास घ्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग, टप्पा ३ बी, बायका ८५०. निम्म्यांना नुसते रेडिएशन, आपण ज्याला शेक म्हणतो ते. उरलेल्या निम्म्यांना शेक आणि जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या गटात शंभरातल्या ४६ जिवंत, सिस्प्लॅटिनच्या गटात ५४. शंभरामागे आठ जीव वाचले. ही मोठी गोष्ट आहे आणि म्हणून हे औषध द्यायलाच हवे. पण आता ढोबळ हिशेब करा. शंभरातल्या ४६ जणी नुसत्या शेकावरही जगल्या असत्या. ४६ जणी औषध घेऊनही गेल्या. फरक पडला तो आठ जणींना. ओकाऱ्या, मूत्रपिंडावरचा ताण, कानात गुणगुण, सलाईन लावून तासन्‌तास पडून राहणे, हे मात्र शंभरही जणींच्या वाट्याला. त्या आठ कोण, हे औषध सुरू करताना कुणालाच सांगता येत नाही.

जंतूंच्या बाबतीत हे कोडे कधीच सुटले आहे. लघवीला जळजळ होते, डॉक्टर कल्चर करायला सांगतात, दोन-तीन दिवसांत कागद येतो: हे अँटिबायोटिक चालेल, हे चालणार नाही. मग गाठीचे कल्चर का नाही? हा विचार सुचायला फार बुद्धी लागत नाही. तो अनेकांना, अनेकदा सुचला आहे. अमलात आणताना मात्र भल्याभल्यांची दमछाक झाली, आणि ती का झाली यातच खरी गोष्ट आहे.

माणसाच्या कर्कपेशी शरीराबाहेर टिकवून वाढवणे ही पहिली अडचण होती. ती १९५१ मध्ये दूर झाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय बाई आली. वय ३०, मुलेबाळे असलेली. तिला गर्भाशयमुखाचाच कर्करोग होता. तिच्या गाठीचा तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि त्यातल्या पेशी वाढतच राहिल्या. त्याच हेला पेशी. तिला कुणी विचारले नव्हते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती गेली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. त्यांच्यात एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार असल्याचे पुढे दिसले. म्हणजे बाल्टिमोरच्या त्या बाईचा आजार आणि परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या बाईचा आजार एकाच विषाणूकुळाचा.

याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत आपल्या एक मराठी बाई शिकून आल्या. डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा, माहेरच्या समर्थ. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. केली, मग अमेरिकेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या, आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानली जाते. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या संचालकही होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुढच्या आयुष्यात त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करीत फिरल्या. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसाने गावात उतरायचे असते, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला काय हरकत आहे, असे मला नेहमी वाटते, असो.

पेशी वाढल्या, पण घोळक्याने. घोळक्यावर औषध टाकले तर सरासरी कळते. एकेक पेशी वेगळी पाहायची युक्ती अमेरिकेतच डेन्व्हरच्या थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी १९५५ मध्ये काढली. एकटी पेशी बशीत ठेवली की ती जगत नाही. मग त्यांनी खाली दुसऱ्या पेशींचा एक थर दिला. क्ष-किरण देऊन त्या पेशींची विभागण्याची ताकद काढून घेतलेली होती, पण त्या जिवंत होत्या आणि भोवतालचे पाणी पोषक ठेवत होत्या. त्या सोबतीवर एकेकटी हेला पेशी विभागू लागली, आणि काही दिवसांत एका पेशीची वसाहत डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसली. पुढच्याच वर्षी त्यांनी या पेशींना क्ष-किरणांचे वाढते डोस देऊन किती ठिपके उरतात ते मोजले. माणसाच्या पेशी किती किरणांनी मरतात याचा हा पहिला आलेख. शेकाच्या शास्त्राला त्याने पाया दिला, आणि तो गर्भाशयमुखाच्या पेशींवरच बेतलेला होता.

ॲरिझोनात सिडनी सामन आणि ॲन हॅम्बर्गर यांनी १९७७ मध्ये हेच थेट रोग्यांच्या ताज्या गाठींवर केले. आगर नावाच्या मऊ जेलीच्या थरात पेशी रुजवायच्या, औषध द्यायचे, ठिपके मोजायचे. पुढच्या वर्षी त्यांनी या चाचणीचा रोग्याच्या प्रतिसादाशी मेळ बसतो असे दाखवले आणि एकच उत्साह पसरला. वर्तमानपत्रांना तर असे काही हवेच असते. पण पाच-सहा वर्षांत हवा गेली. बऱ्याच गाठींच्या पेशी आगरमध्ये रुजेचनात. काही ठिकाणी जे ठिपके वसाहती म्हणून मोजले गेले ते मुळात नीट सुट्या न झालेल्या पेशींचे पुंजके होते. कॅनडातल्या टॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये याची चिरफाड केली. एक गोष्ट मात्र टिकली: औषध ‘चालणार नाही’ हे चाचणी बऱ्यापैकी बरोबर सांगे, ‘चालेल’ हे सांगताना चुके. कारण बशीत मारणे सोपे असते.

आता जरा जवळून पाहू. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझे आयुष्य मेलेल्या, रंगवलेल्या पेशी पाहण्यात गेले. जिवंत पेशी मरताना पाहणे हा वेगळाच अनुभव. बशीच्या तळाशी चिकटलेली पेशी पसरट असते, कडा पातळ, मध्ये केंद्रक. औषध दिल्यावर बराच वेळ काहीच होत नाही. मग ती कडा आत घेते, गोल होते, पृष्ठभागावर फुगे येतात आणि फुटतात. ती आकसते आणि तळ सोडून तरंगू लागते. शेजारची पेशी तशीच पसरलेली. तिला जणू पत्ताच नाही. बशी तीच, औषध तेच, दोघींची जनुके तीच.

हार्वर्डच्या पीटर सॉर्गर यांच्या गटाने २००९ मध्ये नेमके हे मोजले, आणि बऱ्याचशा मोजण्या हेला पेशींवरच. त्यांनी पेशींना मरणाचा संदेश देणारे ‘ट्रेल’ नावाचे प्रथिन दिले आणि तासन्‌तास चित्रीकरण केले. काही पेशी लवकर मेल्या, काही बऱ्याच उशिरा, काही मेल्याच नाहीत. मग त्यांनी बहिणी शोधल्या, म्हणजे एकाच पेशीच्या विभागणीतून झालेल्या दोन पेशी. नुकत्याच विभागलेल्या बहिणी जवळजवळ एकाच वेळी मरत. विभागून जितका जास्त वेळ लोटला असेल तितके त्यांचे मरण एकमेकींपासून दूर जाई. कारण विभागताना आईकडच्या प्रथिनांची वाटणी दोघींत सारखी होते. पुढे जी ती आपापले प्रथिन कमी-जास्त बनवते. म्हणजे औषधाला दाद न देणे हे दर वेळी जनुकातल्या बदलामुळे असते असे नाही. त्या क्षणी पेशीच्या पोटात काय किती होते, यावरही ते ठरते.

पुढच्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्कपेशींवर बॉस्टनमध्ये असेच काही दिसले. मारक मात्रेच्या शंभर पट औषध दिले तरी हजारातल्या तीन-एक पेशी उरल्या. त्यांना औषधाविना वाढू दिले तर त्यांची पिलावळ पुन्हा औषधाने मरू लागली. तुरीवर फवारणी करणाऱ्याला हे लगेच समजेल. फवारून झाल्यावर उरलेली अळी दोन प्रकारची असते. एकीला औषध पचते. तिची सगळी प्रजा ते पचवणार, औषध बदलावे लागणार. दुसरी त्या वेळी शेंगेच्या आत बसलेली होती म्हणून वाचली. दोन्ही अळ्या दिसायला सारख्याच. गाठीतही ही दोन्ही उरतात, आणि कोणती उरली यावर पुढचे औषध ठरायला हवे. गाठीची सरासरी सांगणारा रिपोर्ट इथे आंधळा असतो. हजारातल्या ९९७ पेशी मेल्या हे त्याच्या लेखी यश आहे. बाईच्या दृष्टीने उरलेल्या तीन महत्त्वाच्या.

म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळा जोर एकेका पेशीवर आला. अमेरिकेत एमआयटीच्या स्कॉट मॅनॅलिस यांच्या गटाने एका पेशीचे वजन करणारी नळी बनवली. नळी कंप पावते, पेशी तिच्यातून जाताना कंपन किंचित बदलते, त्यावरून वजन निघते. औषध दिल्यावर पेशी वजन वाढवते आहे की थांबली, हे ती मरण्याआधीच कळते. लंडनमध्ये २०१८ मध्ये आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगांच्या तुकड्यांतून बारीक गोळे वाढवले गेले, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्या गोळ्यांवर चाललेले औषध शंभरातल्या ८८ वेळा रोग्यावरही चालले; न चाललेले एकदाही चालले नाही. रोगी थोडे होते, हे विसरायचे नाही. व्हिएन्नात रक्ताच्या कर्करोगावर आणखी पुढे काम गेले. तिथे पेशी मुळातच सुट्या असतात, त्यामुळे निम्मे कष्ट वाचतात. रक्त काढायचे, शेकडो खाचांत शंभराहून जास्त औषधे ठेवायची, प्रत्येक खाचेतल्या प्रत्येक पेशीचे छायाचित्र घ्यायचे, आणि कर्कपेशी किती मेल्या व चांगल्या किती मेल्या हे वेगवेगळे मोजायचे. यावरून औषध निवडलेल्या ५६ रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा आजार आधीच्या औषधापेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे तुलना रोग्याची त्याच्या स्वतःच्याच मागच्या उपचाराशी होती. चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना त्यानंतरच्या अभ्यासासाठी ठेवली गेली.

आपल्याकडेही हात बांधून कुणी बसलेले नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी मिळतात. खारघरला टाटाचेच संशोधन केंद्र आहे. रक्तात फिरणाऱ्या तुरळक कर्कपेशी पकडण्याचे काम पुण्यात आणि नाशिकमध्ये चालते.

आणि मग आपला तुकडा. त्याचा प्रवास पाहा. उमरग्याच्या बाजूची एक बाई अंगावरून पांढरे जाते, मधूनच लाल जाते म्हणून काही महिने घरगुती उपाय करून दवाखान्यात येते. तुकडा काढतात आणि तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. बाटलीला चिकटपट्टी, त्यावर नाव, वय, तारीख. ती नातेवाइकाच्या पिशवीतून एसटीने सोलापूरला, लातूरला किंवा बार्शीला जाते. फॉर्मालिनने तुकडा कुजत नाही, त्याचा आकार तसाच राहतो, मला निदान करता येते. पण त्यातली प्रत्येक पेशी बाटलीत पडल्यापासून मरायला लागलेली असते. आज मी जे जे सांगितले त्यातले औषधाचे काहीही त्या तुकड्यावर होऊ शकत नाही. जिवंत तुकड्याला थंड पोषक द्रव लागतो, बर्फाची पेटी लागते, आणि लवकरात लवकर तो अशा हातात पडावा लागतो की जो त्याला बारीक चिरून, विकरांनी पेशींमधली वीण विरघळवून, जंतूंपासून वाचवून सुट्या पेशी करील. गर्भाशयमुखाचा तुकडा जंतूंनी भरलेल्या जागेतून येतो. एका रात्रीत बशी जंतूंची होते. म्हणजे चाचणी बॉस्टनला अडत नाही. ती एसटीच्या थांब्यावर अडते.

तुकडा पोचला तरी बशीला सगळे दिसत नाही. शेक पेशीला मारतो त्यात प्राणवायूचा मोठा वाटा असतो. गाठीच्या पोटात रक्त पोचत नाही, तिथल्या पेशी प्राणवायूविना असतात आणि शेकाला दाद देत नाहीत. सुट्या करून बशीत ठेवल्या की त्यांना मोकळी हवा मिळते. त्यांचा हट्ट तिथेच संपतो. आपल्याकडे या बायकांचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते, वर महिनोन्‌महिने रक्त गेलेले. शिवाय या आजारात सिस्प्लॅटिन एकटे लढत नाही, ते शेकाचा मारा वाढवते. मग बशीत नुसते सिस्प्लॅटिन टाकून काय कळणार? बशीलाही शेक द्यावा लागेल. आणि सर्वांत मोठी गंमत टप्पा ३ बीचीच. त्या टप्प्यात गाठ अनेकदा मूत्रवाहिनीवर दाबते, मूत्रपिंड फुगते, क्रिएटिनिन वाढते. सिस्प्लॅटिन तर मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. बशी म्हणेल, देऊन टाका, एकही पेशी उरत नाही. मूत्रपिंडाचा रिपोर्ट म्हणेल, हात लावू नका. अशा वेळी कल्चरपेक्षा क्रिएटिनिनचा साधा कागद जास्त शहाणा.

सिस्प्लॅटिनची जन्मकथाही इथे सांगितली पाहिजे. १९६५ मध्ये मिशिगनचे बार्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जंतू विभागायचे थांबले आणि लांबच लांब धाग्यांसारखे वाढले. वीज निर्दोष होती; प्लॅटिनमच्या तारांतून पाण्यात उतरलेल्या संयुगाची ती करामत होती. ते संयुग १९७८ मध्ये औषध म्हणून मान्य झाले. एकेक पेशी निरखून पाहण्यातून औषध हाती लागते, ते असे.

माझ्याकडे अधूनमधून कुणाचा तरी मुलगा किंवा जावई एक चकचकीत रिपोर्ट घेऊन येतो. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा. वीस-पंचवीस औषधांची नावे, पुढे हिरवे, पिवळे, लाल ठिपके. रकमेचा आकडा विचारला की तो खाली बघतो. मळणीचे पैसे गेलेले असतात किंवा सोने गहाण पडलेले असते. “सर, हिरवं आहे ते औषध द्यायला सांगा ना डॉक्टरांना.” त्याला काय सांगायचे? अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितले की अशा चाचण्यांवरून औषध निवडणे संशोधनाबाहेर करू नये. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारले. पण चाचणीवरून औषध घेतलेले रोगी, न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगतात, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मोठ्या संख्येवर कुणी दाखवलेले मला माहीत नाही. हिरवा ठिपका बशीबद्दल खरे बोलत असेल. आईबद्दल बोलायचा हक्क त्याने अजून कमावलेला नाही. विज्ञानाला माझा विरोध नाही, विक्रीच्या घाईला आहे.

हा हक्क कमवायची जागा कोणती, असे विचाराल तर मी आपल्याच भागाकडे बोट दाखवीन. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भारतातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे त्यात आली. शहरातल्या नोंदवह्या दवाखान्यांच्या कागदांवर चालतात. इथे ते चालले नसते, कारण कितीतरी माणसे दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून नोंदणी करणारे कार्यकर्ते गावात जात, शिक्षकांशी, ग्रामसेवकाशी, सुईणीशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रोग्याला तपासणीला आणत. काही वर्षांतच बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. हे १९९५ मध्ये प्रसिद्धही झाले. महागडे यंत्र कुठलेच नव्हते. कोण कुठल्या गावची, कोणत्या टप्प्यात आली, पाच वर्षांनी आहे की नाही, हे सांगणारी ही परंपरा व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेकडे नाही.

मला विचाराल तर सुरुवात अशी करावी. शेक आणि सिस्प्लॅटिन घेणार असलेल्या बाईला नीट समजावून, तिची संमती घेऊन, निदानाच्या तुकड्यासोबत त्याच वेळी दुसरा लहान तुकडा काढायचा. हेन्रिएटाला जे विचारले गेले नाही ते इथे मराठीत, घरच्या माणसांसमोर विचारायचे. पहिला तुकडा फॉर्मालिनमध्ये, दुसरा थंड द्रवात, आणि तो नेणारी गाडी ठरलेली. नातेवाइकाच्या पिशवीवर सोडायचा नाही. चाचणी पुण्या-मुंबईत व्हावी, बशीला सिस्प्लॅटिनसोबत शेकही द्यावा, आणि एकेका पेशीचा निकाल लिहून पाकीट बंद करावे. उपचार करणाऱ्या डॉक्टरला तो कळता कामा नये. बाईला जो उपचार मिळायचा तोच मिळेल. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, किती आठवडे औषध खरोखर घेतले, शेकाला किती दिवस येता आले नाही, हेही लिहायचे. पाच वर्षांनी पाकिटे फोडायची आणि ज्यांच्या पेशी बशीत मेल्या त्या बायका जास्त जगल्या का ते पाहायचे. तो मेळ बसला तरच पुढची पायरी: चिठ्ठ्या टाकून, अर्ध्यांना चाचणीप्रमाणे उपचार आणि अर्ध्यांना नेहमीप्रमाणे. शंभरात आठांचा फरक दाखवायला टाटाला ८५० बायका लागल्या, आणि त्या जमवायला २००३ ते २०११ अशी आठ वर्षे गेली. याला त्याहून कमी लागणार नाहीत. ज्याला तीन वर्षांत निकाल आणि नाव हवे आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

आणि चाचणी नापास झाली तर तेही छापायचे. २००९ च्या त्या निबंधात पॅपचे ५४ आणि व्हीआयएचे ५६ हे आकडे एचपीव्हीच्या ३४ इतक्याच ठळकपणे दिलेले आहेत.